धागा: आयातीची बिल ऑफ एंट्री ऑनलाइन भरताना चेकलिस्ट वाचा (मकरपुऱ्याचा अनुभव)

मकरपुरा_टर्निंग | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या छोट्या कारखानदारांपैकी बरेच जण या समूहावर आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बिल ऑफ एंट्री म्हणजे आयात मालाची कस्टम्सकडे करायची घोषणा, आणि चेकलिस्ट म्हणजे ती दाखल होण्याआधी आपल्याला तपासायला मिळणारा मसुदा. कुणाचे तरी तीन-चार लाख अडकायचे वाचले तर लिहिल्याचं सार्थक होईल.

मकरपुरा जीआयडीसीत आमचं टर्निंगचं वर्कशॉप आहे. ट्रान्सफॉर्मरवाल्यांना पितळेचे आणि तांब्याचे भाग करून देतो. वडिलांनी सुरुवात पुण्यात केली होती आणि तिथला एक छोटा गाळा अजून चालू आहे. त्यामुळे आमच्या एकाच फर्मचे जीएसटी नंबर दोन आहेत: पुण्याचा २७ ने सुरू होणारा, बडोद्याचा २४ ने. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्याभोवतीच फिरलं.

गेल्या वर्षी तैवानहून एक सीएनसी (संगणकाने चालणारं) लेथ मागवलं. नवीन मशीन, समुद्रमार्गे न्हावा शेवा आणि तिथून ट्रकने बडोदे. क्लिअरिंगचं, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवायचं काम एका सीएचएला (परवानाधारक कस्टम्स एजंटला) दिलं. त्यांनी पाच वर्षांपूर्वी आमच्या पुण्याच्या गाळ्यासाठी एक पार्सल सोडवलं होतं, म्हणजे ओळखीचेच. आमच्याकडून त्यांनी इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल (जहाज कंपनीची मालाची पावती), विम्याचा कागद आणि कॅटलॉग घेतलं, आणि जहाज लागायच्या चार दिवस आधी संध्याकाळी पावणेआठला व्हॉट्सॲपवर चेकलिस्टची पीडीएफ पाठवली. खाली एक ओळ: "सर, तपासून ओके द्या, आज रात्री फाइल करतो."

मी शटर ओढत होतो. फोनवरच फाइल उघडली, मशीनचं नाव पाहिलं, डॉलरचा आकडा पाहिला, दोन्ही बरोबर होते. "ओके" लिहून पाठवलं. पाच पानांची चेकलिस्ट होती आणि मी पहिलं पानसुद्धा शेवटपर्यंत नेलं नव्हतं.

बिल ऑफ एंट्री दाखल झाली, ड्युटी भरली, आउट ऑफ चार्ज झालं (कस्टम्सने माल सोडायला परवानगी दिली), मशीन आलं, पाया भरून बसवलं. पुढच्या महिन्यात आमच्या सीए बाई म्हणाल्या, "बडोद्याच्या २बीमध्ये आयातीचा आयजीएसटी दिसत नाही." २बी म्हणजे कुठल्या जीएसटी नंबरला किती कराचं क्रेडिट मिळणार ते दाखवणारं पोर्टलवरचं पत्रक, आणि आयजीएसटी म्हणजे आयातीवर भरलेला जीएसटी. शोधाशोध केली तर तो पुण्याच्या २बीमध्ये जाऊन बसलेला. सीएचएच्या सॉफ्टवेअरमध्ये आमचं जुनं प्रोफाइल होतं. पत्ता आणि जीएसटी नंबर तिथूनच उचलला गेला होता. चेकलिस्टच्या पहिल्याच पानावर, आयातदाराच्या नावाखाली, २७ स्वच्छ छापलेलं होतं. रक्कम होती पावणेचार लाखांच्या वर.

सीएचएवर चिडलो, खोटं कशाला सांगू. ते शांतपणे म्हणाले, "सर, तुमचा ओके आहे माझ्याकडे." आणि तो होता.

दुरुस्ती झाली, पण सव्वादोन महिने लागले. कशी झाली ते विचाराल तर सांगेन. आज एवढंच सांगायचं आहे: बिल ऑफ एंट्री भरणारा हात सीएचएचा असला तरी घोषणा आपली असते. चेकलिस्ट हा आपल्याला मिळणारा एकमेव थांबा आहे. तिथे अर्धा तास बसा.

---

दांडियाबाजारची | सोमवार, रात्री १०.२५

दादा, धागा अगदी वेळेवर आला. दांडिया बाजारात बाबांचं नेमप्लेट आणि ट्रॉफीवर कोरीवकाम करायचं दुकान आहे, आता मी सांभाळते. चीनमधून एक लेझर मार्किंग मशीन मागवलं आहे. पहिलीच आयात. पूर्ण कंटेनर नाही, दुसऱ्यांच्या मालाबरोबर येणार आहे. पैसे गेलेत, जहाज सुटायचंय.

आयईसी (आयात-निर्यात करणाऱ्याचा कोड) काढलं, दहा अंकी नंबर आला, तो म्हणजे आमचा पॅनच आहे हे बघून आश्चर्य वाटलं. आता प्रश्न असा: हे सगळं ऑनलाइन आहे तर मी स्वतः भरू शकते का? सीएचए लागतोच का? आणि चेकलिस्टमध्ये नेमकं काय बघायचं? मला त्यातलं निम्मं कळणारच नाही अशी भीती वाटते.

---

चार_प्रती | मंगळवार, सकाळी ६.५०

बेटा, भीती ठेवू नकोस. क्लिअरिंगच्या कामात माझी एकतीस वर्षं गेली, आधी मुंबईत आणि मग बडोद्याला दशरथच्या आयसीडीत (बंदरापासून दूर, जमिनीवरच्या कंटेनर डेपोत). आता निवृत्त आहे, सकाळी सयाजीबागेत फिरून आलो की हाच उद्योग.

नाव "चार_प्रती" का घेतलं ते सांगतो, त्यातून ऑनलाइनचा अर्थही कळेल. आमच्या वेळी बिल ऑफ एंट्री चार प्रतींत टाइप व्हायची. थेट देशात वापरायच्या मालाची पांढरी, बाँडमध्ये (ड्युटी न भरता गोदामात) ठेवायच्या मालाची पिवळी, बाँडमधून काढायच्या मालाची हिरवी. कार्बन सरकला की चौथी प्रत वाचता यायची नाही. फाइल बगलेत मारून या टेबलावरून त्या टेबलावर जायचं. अप्रेझरने (ड्युटी ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने) शेरा मारला की तोच कागद घेऊन पुढे. चूक झाली तर समोर उभं राहून साहेबांना सांगता यायचं की साहेब, टाइपिस्टची चूक आहे. १९९५ साली दिल्लीत संगणकावरची पद्धत प्रायोगिक सुरू झाली आणि मग एकेक बंदर जोडलं गेलं. आता ते टेबलही नाही आणि समोरचा साहेबही नाही. ३१ ऑक्टोबर २०२० पासून देशभर फेसलेस असेसमेंट आहे. तुझा माल न्हावा शेवाला उतरेल, पण कागद तपासणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असेल. त्याला तू दिसणार नाहीस, तुझं दुकान दिसणार नाही. त्याला फक्त तू भरलेलं दिसेल. म्हणून भरलेलं बोललं पाहिजे.

तू स्वतः भरू शकतेस का? कायद्याने हो. आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर आयईसीधारक म्हणून नोंदणी करायची, क्लास ३ ची डिजिटल सही घ्यायची, बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा नंबर) नोंदवायचा, आणि सही केलेली फाइल चढवायची. पण मत विचारशील तर पहिली खेप सीएचएकडूनच कर आणि त्याच्या शेजारी बसून बघ. पोर्टल अवघड नाही. अवघड आहे ते वर्गीकरण, आणि बंदरात मालामागे धावायला माणूस लागतो तो वेगळाच.

क्रम असा असतो. आधी कागद ई-संचितवर चढवायचे: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल, विमा, कॅटलॉग. प्रत्येक कागदाला एक आयआरएन नंबर मिळतो. तो नंबर बिल ऑफ एंट्रीत लिहिला की अधिकाऱ्याला कागद तिथेच उघडून दिसतो. मग बिल ऑफ एंट्रीची फाइल सही करून पाठवायची. सिस्टिम तपासून चूक असेल तर परत टाकते, नाहीतर सात अंकी नंबर आणि तारीख देते. त्यानंतर जोखीम ठरवणारी यंत्रणा ठरवते की ही खेप सरळ सोडायची, कागद तपासायचे की पेटी उघडायची. ड्युटी भरली, तपासणी असली तर ती झाली, की आउट ऑफ चार्ज. त्याची प्रत आता ईमेलवर येते, पण आइसगेटवर तुझा स्वतःचा ईमेल नोंदवलेला असेल तरच. सीएचएचा नको, तुझा नोंदव.

चेकलिस्टचं रात्री लिहितो, मोठं आहे.

---

वाघोडिया_रोड | मंगळवार, सकाळी ११.१५

मूळ लेखकाशी पूर्ण सहमत नाही. सीएचएला आपण एजन्सी चार्जेस देतो ते कशासाठी? त्याला परवाना आहे, परीक्षा देऊन मिळवलेला. जुनं प्रोफाइल उचललं ही सरळ त्याची चूक आहे. आपण मशीन चालवणारी माणसं, पाच पानांच्या कोडमधलं आपल्याला काय कळणार? उद्या डॉक्टरने औषध लिहिलं तर आपण फार्माकॉलॉजी वाचायची का?

---

मकरपुरा_टर्निंग | मंगळवार, दुपारी १.३०

वाघोडिया_रोड भाऊ, त्याची चूक होतीच, मी नाकारत नाही. त्याने ती मानून दुरुस्तीचे पैसेही घेतले नाहीत. पण नुकसान कुणाचं झालं? सव्वादोन महिने पावणेचार लाख माझे अडकले, त्याचे नाही. कॅश क्रेडिटवर व्याज मी भरलं.

आणि औषधाचं म्हणाल तर चिठ्ठीवर आपलंच नाव आहे ना, एवढं तर आपण बघतोच. माझी चूक तिथेच होती. एचएस कोडमध्ये (मालाच्या वर्गीकरणाच्या नंबरात) नव्हती, नाव-गाव-नंबरात होती, जे माझ्याइतकं चांगलं जगात कुणालाच माहीत नाही.

---

ताळेबंद | मंगळवार, संध्याकाळी ६.०५

मी रावपुऱ्यात सीएची प्रॅक्टिस करते. हिशेबाची बाजू मांडते, कारण माझ्याकडे येणारे अर्धे आयातदार "कस्टम ड्युटी किती लागली" याचं एकाच आकड्यात उत्तर देतात आणि तिथेच घोळ सुरू होतो.

आकडे सोपे व्हावेत म्हणून मशीनची असेसेबल व्हॅल्यू (ज्या किमतीवर ड्युटी लागते ती) २० लाख धरते. सीएनसी लेथसारख्या मशीनला बेसिक ड्युटी साडेसात टक्के धरली तर १,५०,०००. त्या ड्युटीवर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे १५,०००. हे दोन्ही मिळवून झाले २१,६५,०००. आयजीएसटी १८ टक्के लागतो तो या बेरजेवर, २० लाखांवर नाही. तो होतो ३,८९,७००. एकूण भरणा ५,५४,७००.

आता यातले १,६५,००० परत येत नाहीत, ते मशीनच्या किमतीत जातात. ३,८९,७०० चं क्रेडिट मिळतं. म्हणजे खऱ्या अर्थाने परतीचा पैसा तोच, आणि तो कुठल्या खात्यात येणार हे बिल ऑफ एंट्रीतल्या जीएसटी नंबरवर ठरतं. तो एक नंबर चुकला की सगळ्यात मोठा आकडा भलतीकडे जातो. दांडियाबाजारची, तू आणखी एक सांभाळ: आयजीएसटी मशीनच्या किमतीत धरून त्यावर घसारा घेतलास तर क्रेडिट मिळणार नाही. दोन्ही घेता येत नाहीत.

मूळ लेखकांसारखं झालं की लोक मला विचारतात, "ताई, पुण्यात आलंय तर पुण्यातच वापरून टाकू ना, फर्म तर एकच आहे." जीएसटीत दोन राज्यांतल्या नोंदण्या म्हणजे दोन वेगळी माणसं. मशीन बडोद्यात बसलंय, पुण्याने क्रेडिट घ्यायला ते पुण्यात आलेलंच नाही. पुण्याने बडोद्याला विकलं असं दाखवायचं तर न घडलेलं लिहावं लागेल. मी तो मार्ग कुणालाच सांगत नाही. दुरुस्ती कस्टम्सकडेच करून घ्यायची.

आणि नंबर बरोबर असूनही कधीकधी २बीमध्ये दिसत नाही. तेव्हा घाबरू नका. जीएसटी पोर्टलवर बिल ऑफ एंट्री शोधायची सोय आहे. पोर्ट कोड, बीई नंबर, तारीख घालून विचारणा करता येते, त्यानंतर आइसगेटकडून माहिती ओढली जाते.

---

चार_प्रती | मंगळवार, रात्री ९.१०

ताईंनी सुरेख लिहिलंय. आता चेकलिस्ट.

माझी पद्धत सांगतो. चेकलिस्ट फोनवर वाचायची नाही. प्रिंट काढायची, शेजारी मूळ कागद ठेवायचे, आणि पट्टी धरून एकेक ओळ खाली यायचं. दोन माणसं असतील तर एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवायचं.

पहिल्या पानावर नाव, आयईसी, शाखेचा पत्ता, जीएसटी नंबर, एडी कोड. एडी कोड चौदा अंकी असतो आणि ज्या बँकेतून पैसे पाठवले त्याच बँकेचा हवा.

मग जहाजाचा भाग. आयजीएम नंबर (जहाजाने आणलेल्या मालाच्या यादीचा), लाइन नंबर (त्या यादीतल्या ओळीचा), बीएल नंबर आणि तारीख, कंटेनर नंबर, पेट्या किती, वजन किती. कंटेनर नंबरात चार अक्षरं आणि सात आकडे असतात, ते मोजायचे. बेटा, तुझा माल सामायिक कंटेनरमधून येतोय, म्हणजे तुझ्याकडे दोन बीएलचे नंबर येतील: जहाज कंपनीचा मास्टर आणि फॉरवर्डरचा हाउस. लाइन नंबराबरोबर सब-लाइनही लागेल. ही जोडी जहाजाच्या यादीशी जुळली नाही तर माल बंदरात असूनही कागदाला सापडत नाही.

नंतर किंमत. इथे लोक सर्वांत जास्त पैसे विनाकारण भरतात. माल एफओबीने, म्हणजे जहाजाचं भाडं आणि विमा न धरलेल्या किमतीने घेतला आणि भाड्याचा कागद दिला नाही तर नियमाने एफओबीच्या वीस टक्के भाडं धरलं जातं. विम्याचा कागद नसेल तर १.१२५ टक्के विमा. समजा एफओबी १८ लाख आहे आणि खरं समुद्री भाडं ७० हजार आहे. कागद नसला तर ३ लाख ६० हजार धरले जातील, म्हणजे न दिलेल्या २ लाख ९० हजारांवर ड्युटी. फॉरवर्डरकडून भाड्याचं पत्र मागायला एक फोन पुरतो. डॉलरचा दर बँकेचा नसतो, कस्टम्सचा असतो, आणि बिल ऑफ एंट्री दाखल होते त्या दिवशीचा लागतो.

शेवटी वर्णन आणि एचएस कोड. भारतात आठ अंकी. सीएचए सुचवेल, पण मशीन नेमकं काय करतं हे तूच त्याला सांगायचं. इन्व्हॉइसवर नुसतं "मशीन" किंवा मॉडेल नंबर असेल तर विकणाऱ्याकडून आत्ताच नीट वर्णनाचं इन्व्हॉइस मागव. जहाज सुटल्यावर ते लोक उत्तर द्यायला वेळ लावतात.

सेल्फ असेसमेंट २०११ पासून आहे. ड्युटी किती हे आपण सांगायचं आणि अधिकारी ते तपासणार. त्याआधी ठरवायचं काम अधिकाऱ्याचं होतं. चेकलिस्टला हे महत्त्व तेव्हापासून आलं.

---

इंदूरकर | मंगळवार, रात्री १०.३०

इंदूरहून लिहितोय, पीथमपूरला आमचं पॅकेजिंगचं युनिट आहे. एक भर घालतो. आयईसी एकदा काढलं की झालं असं समजू नका. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर जाऊन माहिती तपासून कायम करावी लागते, काही बदल नसला तरीही. आम्ही विसरलो. आयईसी निष्क्रिय झालं आणि ते कळलं बिल ऑफ एंट्री भरायच्या दिवशी. माल जहाजावर, तारीख डोक्यावर. शुल्क भरून पुन्हा सुरू करता येतं, आमचंही झालं, पण त्या रात्री घरात कुणी झोपलं नाही.

---

दांडियाबाजारची | मंगळवार, रात्री ११.००

तारीख डोक्यावर म्हणजे काय? किती दिवसांत भरावं लागतं?

---

चार_प्रती | बुधवार, सकाळी ७.०५

कस्टम्स कायद्याचं कलम ४६. समुद्रमार्गे बंदरात माल येतो तेव्हा, जहाज ज्या दिवशी लागणार त्याच्या आदल्या दिवसाच्या अखेरपर्यंत भरायची. हा बदल २०२१ चा. मधे रविवार आला, दिवाळी आली, तरी दिवस मोजला जातो. श्रीलंका, बांगलादेश अशा जवळच्या देशांतून येणाऱ्या जहाजांना सवलत आहे, चीनला नाही. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि चौथ्या दिवसापासून रोज १०,०००. पाच दिवस उशीर म्हणजे ३५,००० गेले, आणि ते क्रेडिटमध्ये येत नाहीत.

पण त्याच कायद्यात सोयही आहे: जहाज यायच्या तीस दिवस आधीपर्यंत भरता येते. म्हणून चेकलिस्ट शेवटच्या रात्री मागू नकोस. बीएल हातात आली की दुसऱ्या दिवशी माग.

ड्युटीही ताटकळत ठेवायची नाही. असेसमेंट होऊन परत आली की सुट्टी वगळून एका दिवसात भरायची, नाहीतर वर्षाला पंधरा टक्क्यांनी व्याज. १ एप्रिल २०२३ पासून कस्टम्सचं स्वतःचं इलेक्ट्रॉनिक कॅश लेजर आहे, त्यात आधी पैसे टाकून ठेवता येतात.

---

वाघोडिया_रोड | बुधवार, दुपारी १२.४०

काल थोडं तावातावाने लिहिलं होतं. रात्री घरी जाऊन आमच्या मागच्या दोन बिल ऑफ एंट्री काढून बघितल्या. एकीवर एडी कोड जुन्या बँकेचा आहे. आम्ही बँक बदलून दीड वर्ष झालं.

आता कळलं की बँकेतला माणूस मला दर महिन्याला का फोन करत होता. तो म्हणायचा, "सर, तुमचं रेमिटन्स उघडं आहे, बिल ऑफ एंट्री द्या." मी प्रत पाठवायचो, तो म्हणायचा सिस्टिममध्ये दिसत नाही. रिझर्व्ह बँकेची आयडीपीएमएस म्हणून यंत्रणा आहे, २०१६ पासूनची. कस्टम्सकडून बिल ऑफ एंट्रीची माहिती थेट बँकेकडे जाते आणि पाठवलेल्या डॉलरशी जुळवली जाते. आमची माहिती जुन्या बँकेकडे जाऊन पडली होती. जुनी बँक म्हणते आमच्याकडून पैसे गेलेच नाहीत, नवी बँक म्हणते आमच्याकडे माल आलाच नाही. आज दोन्हीकडे पत्रं देऊन आलो. काम पुढे सरकेल असं दोघांनीही सांगितलंय.

मूळ लेखक, तुमचं म्हणणं मान्य. नाव, गाव, नंबर आपलेच.

---

मकरपुरा_टर्निंग | बुधवार, रात्री ९.२०

भाऊ, मनापासून धन्यवाद. तुम्ही तपासून बघितलंत याचा फार आनंद झाला.

दोन-तीन जणांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं की दुरुस्ती कशी झाली. माल सुटल्यानंतरची दुरुस्ती कलम १४९ खाली होते. त्याची अट नीट समजून घ्या: माल सुटला त्या वेळी जे कागद अस्तित्वात होते त्यांच्याच आधारावर दुरुस्ती मागता येते. नंतर तयार केलेलं पत्र, नंतर बदलून घेतलेलं इन्व्हॉइस चालत नाही. आमचं नशीब की परचेस ऑर्डर बडोद्याच्या लेटरहेडवर होती, तैवानच्या इन्व्हॉइसवर आणि बीएलवर मकरपुऱ्याचा पत्ता होता, आणि विम्याच्या कागदावरही तोच. चारही कागदांवर बडोदे आणि फक्त बिल ऑफ एंट्रीवर पुणे, त्यामुळे चूक कारकुनी आहे हे दिसत होतं. पुण्याने क्रेडिट घेतलं नसल्याचं सीएंचं पत्रही जोडलं. अर्ज, ठरलेली फी, मग एक प्रश्न, त्याचं उत्तर, आणि दुरुस्त प्रत. न्हावा शेवाला मी एकदाच गेलो. अधिकारी सभ्यपणे बोलले. फायलींचा ढीग बघितला तेव्हा कळलं की सव्वादोन महिने का लागले.

दुसरं, क्वेरीबद्दल. आमच्या असेसमेंटमध्ये एक प्रश्न आला होता: मशीन नवीन आहे की वापरलेलं, आणि न्यूमेरिकली कंट्रोल्ड असल्याचा पुरावा द्या. सीएचए म्हणाले "नवीन आहे" एवढं उत्तर टाकतो. मी थांबवलं. कारखान्यातून निघण्यापूर्वी तैवानवाल्यांनी मशीनच्या मागच्या बाजूच्या पट्टीचा फोटो पाठवला होता. ॲल्युमिनियमची हाताएवढी पट्टी, तिच्यावर मॉडेल, सिरियल नंबर, उत्पादनाचं वर्ष, कंट्रोलरचं नाव. सिरियल नंबर इन्व्हॉइसवरच्या नंबराशी जुळत होता. तो फोटो, कॅटलॉगचं कंट्रोलर दाखवणारं एकच पान, आणि चार ओळींचं उत्तर असं पाठवलं. सकाळी टाकलं, संध्याकाळी असेसमेंट झालं होतं. चार_प्रती काका म्हणाले तेच, भरलेलं बोललं पाहिजे. दांडियाबाजारची ताई, तुझ्या विक्रेत्याकडून तो फोटो पेटी बंद व्हायच्या आत मागव. लाकडी पेटीवरच्या धुरी किंवा उष्णता-प्रक्रियेच्या शिक्क्याचाही फोटो घे, लाकडाच्या पॅकिंगला तो लागतो.

---

ताळेबंद | बुधवार, रात्री १०.१०

पुण्याने क्रेडिट घेतलं नव्हतं हे फार महत्त्वाचं ठरलं. चुकीच्या नोंदणीत आलेलं दिसलं की आधी तिथे हात लावू नका, मग दुरुस्ती सोपी जाते.

---

दांडियाबाजारची | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, संध्याकाळी ७.३०

सगळ्यांना कळवायचं होतं म्हणून धागा वर आणतेय.

बीएल आली त्याच्या दुसऱ्या दिवशी चेकलिस्ट मागितली. सीएचए म्हणाले अजून खूप वेळ आहे, पण दिली. दुकानात प्रिंट काढली. आईने मोठ्याने वाचलं आणि मी कागदांवर बोट ठेवलं. आईचं इंग्रजी अक्षरओळखीपुरतं आहे, म्हणून ती एकेक अक्षर सुटं वाचत होती, आणि त्याचाच उपयोग झाला. हाउस बीएलच्या नंबरात ती "ओ" म्हणाली आणि माझ्या कागदावर शून्य होतं. मी डोळ्यांनी तीनदा वाचलं होतं, तिन्ही वेळा एकच वाटलं. फॉरवर्डरला फोन केला, शून्यच बरोबर. सीएचएंनी तिथल्या तिथे बदललं. भाड्याच्या रकान्यात वीस टक्के लागलेले होते, तेही भाड्याचं पत्र देऊन कमी झाले.

जीएसटी नंबर २४ नेच सुरू होत होता, तरी आईने दोनदा वाचला.

जहाज लागायच्या नऊ दिवस आधी बिल ऑफ एंट्री दाखल झाली. प्रश्न आला नाही. काल दुपारी आउट ऑफ चार्जचा ईमेल माझ्या स्वतःच्या पत्त्यावर आला. चार_प्रती काका, तो ईमेल आईला दाखवला तेव्हा तिने बाबांच्या फोटोसमोर फोन धरला.

ड्रायव्हरचा आत्ताच फोन आला, टेम्पो जांबुव्याच्या पुलावर गर्दीत अडकलाय. पेटी उतरवायला गल्लीतली चार मुलं थांबून आहेत, त्यांच्यासाठी सेव उसळ सांगून ठेवली आहे. सिरियल नंबर फोटोशी ताडून बघितला की इथे कळवते.